पॉपकॉर्नची थाप आणि पॉपकॉर्नचा टब

‘थिएटरच्या पडद्यावर डोळ्यांना कळणारही नाही इतका वेळ “पॉपकॉर्न खा” असं झळकवलं आणि विक्री 58 टक्क्यांनी वाढली. कंपन्या तुमच्या अंतर्मनाला परस्पर हुकूम सोडतात!’ हा किस्सा व्हॉट्सॲपवर आणि मार्केटिंगच्या कार्यशाळांमध्ये अजून ऐकवला जातो.

प्रयोग झालाच होता म्हणे. जेम्स व्हिकरी या अमेरिकी बाजार-संशोधकाने 1957 मध्ये न्यूयॉर्कला पत्रकार बोलावून तसं सांगितलं. न्यू जर्सीतलं थिएटर, सहा आठवडे, वर कोका-कोलाही 18 टक्क्यांनी जास्त खपला. आकडे अगदी चोख, पण नोंदी कधीच बाहेर आल्या नाहीत. 1962 मध्ये ‘ॲडव्हर्टायझिंग एज’ या जाहिरात-व्यवसायाच्या नियतकालिकाला मुलाखत देताना त्यानेच कबूल केलं की हाती आलेली माहिती काही अर्थ काढण्याइतकीही नव्हती.

विज्ञानाने सिद्ध झालंय म्हणे. 1958 मध्ये कॅनडाच्या सीबीसी या सार्वजनिक वाहिनीने अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात ‘आत्ता फोन करा’ हा संदेश 352 वेळा झळकवला. फोन काही वाढले नाहीत. संदेश काय होता ते ओळखा, असं विचारल्यावर पत्रं मात्र आली, आणि जवळजवळ निम्म्या लोकांनी लिहिलं की आम्हाला भूक किंवा तहान लागली होती. व्हिकरीची बातमी त्यांच्या कानावर आधीच गेलेली ना! मला तर या सगळ्या प्रकरणातला हाच खरा प्रयोग वाटतो.

पुढे 2006 मध्ये नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळेत असा थोडा परिणाम दिसला, पण फक्त आधीच तहानलेल्यांवर, आणि तोही दोन पेयांतून एक निवडण्यापुरता.

‘म्हणजे आपण आपल्या मर्जीनेच खातो तर!’ असंही नाही. शिकागोच्या थिएटरांचा कारभार पाहणाऱ्या डेव्हिड वॉलरस्टीनच्या लक्षात आलं की लोक पॉपकॉर्नची दुसरी पिशवी घ्यायला लाजतात. हावरट दिसू, ही भीती. त्याने पिशवीच मोठी केली. खप वाढला, आणि यात लपवाछपवी कसलीच नव्हती.

परवा इंटरव्हलला मी छोटं पॉपकॉर्न मागितलं. बोर्डावर मीडियम आणि लार्जमध्ये जेमतेम तीस रुपयांचा फरक. मीडियम कोण घेणार? काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “सर, लार्जच घ्या ना, परवडतं.”

टब निम्मा उरला. घरी घेऊन आलो.