पद्मिनीच्या काचा आणि पॉवर विंडो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाडीची दारं आणि हँडलने फिरवायच्या काचा दुरुस्त करण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "पॉवर विंडोचं किट टाकलं असतं तर एका दुपारीत काम झालं असतं, हा रिकामटेकड्यांचा सोस आहे." म्हणजे हँडल काढून बटणावर, मोटरने काच चालवायची. शिवाय तक्रार अशी की फोटो अंधारे, खर्चाचा आकडा नाही, रंग मूळचा नाही.

फोटो अंधारे आहेत, मान्य. उजेडात काढून नवीन टाकतो.

पण 'रिकामटेकडे' कुणाला म्हणता? कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर माझं आयुष्य गेलं. मतभेद खुशाल असू देत, पण अनोळखी माणसाशी असं बोलायची ही कुठली रीत? ही गाडी माझ्या वडिलांची. २०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरापुढे ती काचांपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर दारांची आतली पॅडं काढली, तर आत कृष्णेचा गाळ थापून बसलेला. दाराच्या तळाला पाणी निचरायची भोकं असतात, ती पार बुजलेली, आणि पत्रा आतून गंजायला लागलेला. तो गाळ मी माझ्या हातांनी खरवडून काढलाय. तुमच्या किटने तो निघाला असता का?

आता मोटरचं. काच जड चालते ती बहुतेक वेळा चॅनेलमुळे, म्हणजे काच ज्या खाचेतून वरखाली सरकते तिच्यामुळे. त्यातलं फेल्ट, म्हणजे मऊ नमद्याची पट्टी, कडक झालं की काच तिरकी चढते, हँडलवर जोर पडतो आणि काचेच्या मशीनचे, म्हणजे हँडल फिरवलं की काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेचे, दात झिजतात. तिथे मोटर लावली तर ती तीच तिरकी काच रेटत बसणार. अडकलंय हे हाताला लगेच कळतं, मोटरला नाही. फेल्ट बदललं, काच सरळ बसवली, मशीनचं वाळलेलं ग्रीस काढून नवं भरलं, की हँडल दोन बोटांनी फिरतं. मग मोटर हवी कशाला? तिच्यासाठी दाराच्या आतल्या पत्र्याला नवी भोकं पाडायची, वायर बिजागरीजवळून न्यायची, म्हणजे दार उघडलं की ती दर वेळी वाकणार. आणि पाण्यात बॅटरी बंद पडली तर काच खाली कशी घ्याल? स्वतःला सांगलीकर म्हणवता, निदान एवढा तरी विचार करायचा होता.

रंगावर मी वाद घालणार नाही. खर्च माझा मी केलाय.

मागच्या डाव्या दाराचं काम बाकी आहे. बघायला यायचं तर जरूर या, चहा घेऊ. पण आधी तो शब्द मागे घ्या.