मावशीचा प्रश्न चहात बुडवला

आज इकडच्याच एका कॉलेजात लैंगिक छळ प्रतिबंधाचं प्रशिक्षण झालं. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, लांबलचक प्रास्ताविक, मग सगळा कायदा इंग्रजी स्लाइडांवर. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या मावशीनं दारातूनच विचारलं, "पोट्टी माह्यापाशी येऊन रडली, त म्या काय करू सर?" पाहुणे हसले. "छान प्रश्न, शेवटी घेऊ." शेवटी ग्रुप फोटो घेतला.

पोरगी सांगते कोणाला? अशा तक्रारी ऐकणाऱ्या कॉलेजच्या अंतर्गत समितीच्या अध्यक्ष मॅडम शहरातून अप-डाऊन करतात, दोनच्या एसटीनं परत. सांगते ती मावशीला, होस्टेलच्या ताईला, नाहीतर लायब्ररीतल्या दादाला. अन् हजेरीपटावर नेमकी यांचीच नावं नाहीत! मान्य, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइलीला फोटो लागतो. लावा बाप्पा, पण उत्तर तर द्या.

उत्तर काही अवघड नव्हतं. तिला बाजूला बसव, पाणी दे, बोलू दे. "तू एकटी काहून गेली होती?" हे विचारू नको. खोदून खोदून चौकशी करू नको, ते समितीचं काम. मोबाइलवरचे मेसेज पुसू नको म्हण. तारीख, जागा, कोण होतं, तिच्याच शब्दांत टिपून ठेव. लेखी जमत नसेल तर समितीनं लिहून द्यायला मदत करायची, कायद्यातच आहे. स्टाफरूममध्ये मात्र अवाक्षर नको. आणि "कोणालेच सांगत नाही" असा शब्द देऊ नको.

कारण आपल्याकडे ज्युनिअर-सीनिअर एकाच इमारतीत. अकरावीची पोरगी 18 च्या आत असते, तिथे 2012 चा पोक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो. पोलिसांना कळवणं बंधनकारक. लपवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. हे एकाही स्लाइडवर नव्हतं. 1098, मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर, तोसुद्धा नव्हता.

कॉलेजातल्या सज्ञान पोरींसाठी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, 2015 ची नियमावली. शेवटच्या घटनेपासून 3 महिन्यांत तक्रार, सबळ कारण असेल तर आणखी 3. सात दिवसांत समोरच्याला प्रत, त्याचं उत्तर 10 दिवसांत, चौकशी 90 दिवसांत. प्राचार्यांच्या मर्जीतले विभागप्रमुख समितीत? चालत नाहीत, नियमावलीनं विभागप्रमुखांना बाहेरच ठेवलंय. तक्रार विद्यार्थिनीची असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधीही हवेत, तेही निवडून आलेले. आणि भिंतीवरच्या बोर्डावर? रिटायर झालेल्या मॅडमचं नाव अन् बंद पडलेला लँडलाइन.

आता सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी गोष्ट. ज्या सरांविरुद्ध तक्रार, प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्याच हातात असले तर पोरगी तोंड उघडेल कशी? चौकशीपुरतं तिचं मूल्यमापन त्यांच्याकडून काढून घेता येतं. किती जणांना ठाऊक आहे? उलट गावातला काका येतो, "पोरीचं लगन व्हायचं आहे, मिटवून घ्या." समझोता होतो, पण फक्त तिनं स्वतः मागितला तर, अन् पैशावर कधीच नाही. खोट्या तक्रारीही होत असतील, हो. पण तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी, असं कायदाही म्हणत नाही.

पाहुण्यांवर राग नाही, माणूस चांगला आहे, लांबून आला होता. पण मावशीनं तो प्रश्न उगाच विचारला नसेल. तिच्यापाशी कोणीतरी येऊन रडलंय. फोटो झाल्यावर ती कप विसळत बसली होती, तेव्हाही कोणी तिच्याजवळ जाऊन "कोण होती गं?" म्हटलं नाही.