ऊर्जास्वातंत्र्य आधी निफाडच्या शिवारात

नाशिकच्या आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या पेट्रोलवरून वाद रंगतो. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने गाडीचं ॲव्हरेज पडलं, असं एक जण म्हणतो. देशाचं परकीय चलन वाचतंय, मग एवढं सोसायला काय हरकत आहे, असं दुसऱ्याचं म्हणणं. मधेच कुणीतरी नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्राचा विषय काढतं. २०४७ पर्यंत देश ऊर्जेत स्वावलंबी करायचं, हे पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२१ ला लाल किल्ल्यावरून जाहीर केलं. ते उद्दिष्ट मला मनापासून पटतं, आणि इथे जर्मनीत, रूरच्या जुन्या कोळसाखाणींच्या पट्ट्यात राहून तर जास्तच पटलंय. फक्त आपलं घोडं नेमकं कुठे अडलंय, हे त्या वादात कुणी बोलत नाही.

जर्मनीचं कुठे अडलं होतं ते २०२२ मध्ये उघड झालं. २०२१ पर्यंत हा देश आयात गॅसपैकी निम्म्याहून जास्त गॅस एकट्या रशियाकडून घेत होता. युक्रेनचं युद्ध पेटलं आणि ऑगस्टच्या अखेरीस रशियाहून येणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइनमधला गॅस पूर्ण थांबला. सरकारी कचेऱ्यांत १९ अंशांच्या वर हीटिंग नको असा नियम आला. स्मारकांवरचे दिवे रात्री विझले. बाजूला काढलेली कोळशाची केंद्रं पुन्हा पेटवली गेली. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजीबाई पेन्शनवर जगणाऱ्या. त्यांनी सगळं घर बंद करून एकाच खोलीत हिवाळा काढला.

आणि हे कुठे घडलं? २००० सालापासून कायदा करून पवनचक्क्या आणि सौर पॅनेल उभारणाऱ्या देशात. वीज वाऱ्याची होती, पण जवळपास निम्मी घरं गॅसवर तापत होती. पवनचक्क्या फिरत राहिल्या आणि आजीबाईंचा रेडिएटर थंडच राहिला.

जर्मनीचं जसं गॅसवर अडलं, तसं आपलं कच्च्या तेलावर अडलंय. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. वीज मात्र मुख्यतः आपल्याच कोळशावर चालते. गंगापूर रोडवरच्या बंगल्यावर पॅनेल बसलं तर बिल कमी होतं, हवाही सुधारते आणि ते व्हायलाच हवं. पण त्याने आखातातून येणारं तेल थेंबभरही घटत नाही, जोवर गाड्या, एसटी आणि ट्रॅक्टर डिझेलवरच पळताहेत. या बाबतीत आपल्या रेल्वेने केलेलं काम मला फार मोठं वाटतं. ब्रॉडगेजचं विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झालंय. जर्मनीत ते अजून साठ टक्क्यांच्या आसपास रेंगाळलंय, हे इथल्या सहकाऱ्यांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. लासलगावच्या कांद्याच्या ट्रकांचं आणि आपल्या एसटीचं काय, हा पुढचा प्रश्न आहे. ग्रुपवर त्याच्यावर भांडण झालं तर मी आनंदाने उतरेन.

इथेनॉलबद्दल माझं मत घरी आवडत नाही, तरी मांडतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला ८.६ टीएमसी पाणी सोडायची वेळ आली, तेव्हा केवढी आंदोलनं झाली! पुढच्याच महिन्यात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, कारण साखरच कमी पडेल अशी भीती होती. दोन्हींच्या मुळाशी एकच तुटीचा पाऊस. म्हणजे आखातावरचं अवलंबन थोडं कमी करून आपण ते पावसावर आणि गोदावरीच्या पाण्यावर टाकतोय, तेही जिथे खालचा मराठवाडा तहानलेला आहे तिथे. मळी, खराब धान्य, पिकांचे अवशेष यांपासून इथेनॉल जरूर करा. त्यासाठी उसाचं क्षेत्र वाढवणं मला चूक वाटतं.

सौरऊर्जेचा खरा लाभ मला निफाडच्या शिवारात दिसतो. माझ्या चुलतभावाची द्राक्षबाग आहे. शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीला, थ्री फेज वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात तो बॅटरी आणि काठी घेऊन मोटार चालू करायला जातो, आणि तो परत येईपर्यंत काकू ओट्यावर बसून असतात. ऊसपट्ट्यात बिबट्या आहे, ही त्या गावात रोजची गोष्ट आहे. फवारणीच्या दिवसांत डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली तर पाण्यासाठी ट्रॅक्टरला जनरेटर जोडावा लागतो, म्हणजे पुन्हा डिझेलच. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. गावाजवळच्या उपकेंद्रालाच सौर प्रकल्प जोडून शेतीला दिवसा वीज द्यायची, ही तिच्यातली कल्पना मला छतावरच्या पॅनेलहून मोलाची वाटते. भाऊ विचारतो, "आमच्या फीडरचा नंबर कधी?" मंत्र्यांनी मेगावॉटचे आकडे सांगण्याआधी याचं उत्तर द्यावं.

सूर्य मावळल्यावर काय, असं विचारणाऱ्यांनी भंडारदऱ्याच्या पलीकडे घाटघरला जाऊन यावं. २५० मेगावॉटचा तो प्रकल्प २००८ पासून जास्तीच्या विजेने पाणी वर चढवतो आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतो. सह्याद्रीच्या कड्याने दिलेली ही देणगी आहे. जर्मनीत उत्तरेचा वारा दक्षिणेच्या कारखान्यांपर्यंत नेणाऱ्या वाहिन्या वर्षानुवर्षं रखडल्या आणि वादळी दिवसांत पवनचक्क्या थांबवाव्या लागल्या. आपण साठवण आणि तारा मागे ठेवून नुसती पॅनेलं वाढवली तर आपल्याकडेही हेच होईल.

राहिलं एकलहरे. तीन संच, ६३० मेगावॉट, आणि कोळसा दूरवरून रेल्वेने येतो. तिथे नवा संच हवा ही मागणी मी कळत्या वयापासून ऐकतोय. मला ती पटत नाही, पण त्यामागची पोटाची काळजी पूर्ण पटते. रूरमध्ये दगडी कोळशाच्या खाणी बंद करायचं २००७ मध्ये ठरलं आणि शेवटची खाण बोट्रॉपला डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. मधल्या अकरा वर्षांत कामगारांना लवकर निवृत्ती मिळाली, दुसरी कामं शिकवली गेली. एकलहऱ्याला जमीन आहे, पाणी आहे, उच्चदाबाच्या वाहिन्या तयार आहेत. मोठ्या बॅटऱ्या बसवायला याहून सोयीची जागा जिल्ह्यात शोधावी लागेल. संच बंद होण्याची तारीख आणि तिथल्या कायम व कंत्राटी कामगारांना मिळणारं पुढचं काम, दोन्ही सरकारने एकाच आदेशात लिहून द्यावं.