ताण मोजायचा ताण

वाकडच्या पुलाखाली, हिंजवडीच्या गर्दीत, पुढच्या टँकरचा सायलेन्सर थेट माझ्या तोंडावर, आणि मनगटावरचं घड्याळ थरथरतं: ‘तुम्ही तणावात दिसता. दीर्घ श्वास घ्या.’ त्यापेक्षा ताण परवडला!

तरी बिचाऱ्याचा दोष नाही. त्याला ना टँकर दिसतो, ना मॅनेजर. मागचा हिरवा दिवा कातडीत प्रकाश टाकतो, रक्त तो शोषतं, त्यावरून नाडी समजते. दोन ठोक्यांमधलं अंतर काही मिलिसेकंदांनी सतत मागेपुढे होत असतं. ते फार एकसारखं झालं की ॲप म्हणतं, ताण. आता जिना चढलात, कडक चहा ढोसलात, जागरण केलंत, तरी तेच होतं. म्हणून चौथा मजला आणि अप्रेझल, दोघांचा रंग नारिंगी.

पट्टा मनगटाच्या हाडावर लोंबकळत असेल तर आकडे निव्वळ थापा. हाडाच्या बोटभर वर, कोपराच्या बाजूला बांधा. घड्याळ सरकू नये आणि वळही उठू नये. सकाळी चहाआधी, बसून, न बोलता मोजा आणि आठवड्याची सरासरी बघा. दर तासाला बघणाऱ्याला बघण्याचाच ताण येतो.

श्वासाचं म्हणाल तर 4 मोजून आत, 4 रोखून, 4 बाहेर, पुन्हा 4 रोखून, हा प्रकार ऑफिसात करू नये. शेजारचा पाण्याची बाटली घेऊन धावत येतो. रोखायची भानगडच नको. 5 सेकंद आत, 5 बाहेर, मिनिटाला 6 श्वास. मीटिंगमध्ये म्यूटवर सहज जमतं. आधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, नाहीतर तिसऱ्या श्वासाला ‘क्विक कॉल?’ येतोच. ॲप आठवणच करत नसेल, तर बॅटरी सेव्हरने त्याला झोपवलेलं असतं; सेटिंग्जमध्ये त्या ॲपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा.

आणि ते 7 दिवस फुकटवालं! ॲप उडवलं म्हणजे वर्गणी थांबली, असं नसतं. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टॅप, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’, तिथे रद्द, तेही मुदतीच्या निदान दिवसभर आधी. वर्षाचे पैसे कापल्याच्या मेसेजनंतरचा ताण घड्याळ अगदी अचूक दाखवतं.

झोपच उडाली असेल तर मात्र ॲप बाजूला ठेवा आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

संध्याकाळी दुचाकीवरून घरी पोचेपर्यंत घड्याळ पावलांबद्दल शाबासकी देतं. ती सगळी खड्ड्यांची.