फोटोखाली नुसतं ‘खरा’ लिहून भागणार नाही

2025 च्या सप्टेंबरात आमच्या सोलापूर जिल्ह्यात सीना नदीला पूर आला, तेव्हाची एक गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही.

माझा मावसभाऊ मोहोळ तालुक्यातला. पाणी ओसरल्यावर त्यानं आपल्या गोठ्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. दावण गाळानं भरलेली, भिंतीवर खांद्याएवढ्या उंचीला पाण्याची रेघ, आणि त्या रेघेच्या वर खुंटीला कोरडी राहिलेली घुंगरमाळ. दहा मिनिटांत खाली कुणीतरी लिहिलं, “एआय आहे, पुढं पाठवू नका.” आदल्याच दिवशी पुलावर मगर चढल्याचा बनावट फोटो ह्याच ग्रुपवर सगळ्यांनी भराभर पुढं ढकलला होता. भावाचा फोन आला, “दादा, आता गाळ हातात घेऊन दाखवू का ह्यांना?” मी फोटोग्राफर, पण मला उत्तर देता आलं नाही.

केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2025 मध्ये नियमांचा मसुदा काढला, त्यात एआयच्या चित्राचा किमान 10 टक्के भाग लेबलानं व्यापावा असं होतं. पण फसवायलाच निघालेला माणूस लेबल कशाला लावेल? म्हणून बरेच जण म्हणतात, उलट करा, खऱ्या फोटोलाच ‘अस्सल’ची खूण द्या. मलाही ते पटतं. फक्त त्या खुणेत काय लिहायचं, तिथं माझं वेगळं म्हणणं आहे.

लेबलाचं काय होतं, हे आपल्याला सोलापूरकरांना कुणी शिकवायला नको. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेर विणलेल्या चादरीवर ‘सोलापुरी’ची चिठ्ठी शिवून विकतातच. चिठ्ठीला दोन टाके पुरतात. जाणकार गिऱ्हाईक चादर उलटून वीण बघतो, वजन हातात घेऊन बघतो आणि विचारतो, कुठल्या कारखान्याची?

माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता. प्रत्येक प्रिंटच्या मागं जांभळ्या शाईचा रबरी शिक्का असायचा, स्टुडिओचं नाव आणि तारीख. पंचनाम्याचे फोटो काढले की त्यांच्या निगेटिव्ह वेगळ्या पाकिटात घालून ते कुलुपात ठेवायचे, उद्या कुणी मागितल्या तर दाखवता याव्यात म्हणून. त्या शिक्क्यात ‘खरा’ हा शब्द कधीच नव्हता. नाव होतं, आणि त्या नावाला जाब विचारता येत होता.

आजचा कायदाही तेच मागतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे मोबाइलमधला फोटो कोर्टात पुरावा म्हणून द्यायचा, तर सोबत सही केलेलं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच. एक पिक्सेल हलवला तरी बदलतो.

कॅमेरेही आता सही करायला लागलेत. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेला लायका एम11-पी फोटो काढतानाच त्यात सी2पीए पद्धतीची, म्हणजे फोटो कुठून आला आणि त्यात काय बदललं ते नोंदवणारी, डिजिटल सही घालतो. चांगली सोय आहे. पण तो कॅमेरा आपल्या गल्लीत कुणाला परवडणार? आणि व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की आतली माहिती गळून जाते. त्याहून मोठी अडचण म्हणजे कोल्हापूरच्या 2019 च्या पुराचा अस्सल फोटो ‘आजची सीना’ म्हणून फिरवला, तर फोटो खराच असतो, खोटं असतं ते खालचं वाक्य.

माझ्याकडूनही चूक झालीय. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत मिरवणुकीतल्या नंदीध्वजाच्या फोटोत आडवी आलेली विजेची तार मी पुसली आणि कुणाला सांगितलं नाही. शोभेसाठी केलं, पण बघणाऱ्याला ती मिरवणूक तारेविनाच दिसली. उजेड कमी-जास्त करणं मला चालतं, कडा कापणंही चालतं. समोर असलेली वस्तू काढणं किंवा नसलेली घालणं मात्र सांगितल्याशिवाय नाही.

भावाला मी तोच फोटो पुन्हा टाकायला लावला. खाली त्याचं नाव, गाव, तारीख, वेळ, आणि “काही बदललेलं नाही, मूळ फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे, कुणीही येऊन बघा.” सोबत गोठ्याच्या बाहेरून काढलेला दुसरा फोटो, शेजारचं घर दिसेल असा.

संध्याकाळी ‘एआय आहे’ लिहिणाऱ्याचाच त्याला फोन आला. जनावरं वाचली का, म्हणून विचारत होता.