थोडंसं काम बाकी आहे

जाहिरातीचं पहिलं वाक्य जमवण्यात माझ्या तीन संध्याकाळी गेल्या. 'गाडी बंद आहे' हे खरं होतं, पण तसं लिहिलं की फक्त भंगारवाले फोन करतात. 'सुस्थितीत' लिहिलं असतं तर बायकोनेच खाली येऊन खरं काय ते लिहिलं असतं. शेवटी टाकलं : '1955ची मॉरिस मायनर. मूळ स्थितीत. रिस्टोरेशन प्रोजेक्ट.' मूळ स्थितीत म्हणजे बारा वर्षांत मी तिला रंगाचा हातसुद्धा दिलेला नाही. आणि प्रोजेक्ट म्हणजे, आता तुम्ही बघा.

अगदीच काही केलं नाही असं नाही म्हणा. पहिल्याच महिन्यात मी ती खोलली. खोलण्यात फार मजा असते. संध्याकाळी हात काळे होतात आणि आपण काहीतरी केलं असं वाटतं. निघालेले नटबोल्ट डब्यांत भरून वर चिठ्ठ्या लावल्या. पहिल्या डब्यावर 'पुढचा डावा मडगार्ड, वरचे 4' अशी टापटीप नोंद. पाचव्यावर नुसतं 'दार'. नवव्यावर 'बहुतेक दार'. अकराव्यावर माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून, 'महत्त्वाचे'. कशाचे, ते नाही.

इंजिन 803 सीसीचं, जाम. प्लग काढायचे, भोकांतून पातळ तेल सोडायचं, काही दिवस मुरू द्यायचं आणि मग हँडलने हळूहळू हलवून बघायचं, असं जाणकार सांगतात. मी तेल सोडलं. त्याला आता चार वर्षं झाली. मुरतंय.

जाहिरात पडल्या पडल्या पहिला मेसेज : "चालू आहे का?" दुसरा : "लास्ट किती?" तिसऱ्याने ॲव्हरेज विचारलं. सध्या पेट्रोल अजिबात खात नाही, असं मी प्रामाणिकपणे कळवलं.

प्रत्यक्ष आले ते पहिले गृहस्थ खिशातून चुंबक काढतच आले. नमस्कारही चुंबक हातात धरूनच केला. छत, डिकी, मडगार्ड, सगळीकडे ते टक टक चिकटत गेलं आणि माझी छाती फुगत गेली. दाराच्या खालच्या कडेला मात्र टेकवलं तेव्हा ते सरळ जमिनीवर पडलं. "पुट्टी," ते म्हणाले. डॉक्टर रिपोर्ट वाचतात तसं. मग खाली वाकून त्यांनी उंबऱ्याच्या पत्र्याला अंगठा लावला. अंगठा आत गेला. आम्ही दोघेही काही क्षण अंगठ्याकडे बघत राहिलो.

इथवर मी गप्प होतो. पण मग ते म्हणाले, "बॉनेट मधून सांधलंय. मोठा अपघात झालाय हिचा."

आता मात्र माझा तोल गेला. अहो, ती मधली चपटी पट्टी जन्मापासूनची आहे! ॲलेक इसिगोनिस या डिझायनरला गाडी अरुंद वाटली, म्हणून त्याने तयार नमुना मधोमध उभा कापायला लावला, दोन्ही अर्धुकं सरकवून बघितली आणि गाडी 4 इंचांनी रुंद केली. ती वाढ म्हणजे ही पट्टी. 1948 साली गाडी बाजारात आली तीच हे घेऊन! हे सांगताना माझा आवाज चढला होता. मग त्यांनी बॅटरी उलटी जोडल्याचं निदान केलं. या गाडीत प्लसच बॉडीला जातो, हेही मी त्यांना त्याच आवाजात सांगितलं. बारा वर्षांत मी या गाडीत बरोबर केलेली ती एकमेव गोष्ट होती. गृहस्थ चुंबक खिशात टाकून निघून गेले.

"तुला ती विकायची आहे ना?" बायकोने विचारलं. मी उत्तर दिलं नाही. विकायला काढलेल्या गाडीचं वकीलपत्र मीच घेऊन बसलो होतो.

पाचवा आला तो विशीतला मुलगा. त्याने चुंबक आणलं नव्हतं. दाराच्या मागच्या खांबात इंडिकेटरची दांडी असते; वळताना ती हातासारखी बाहेर येते. त्याने ती नखाने हळूच उचकली. कुईं करत ती वर आली, क्षणभर आडवी थांबली आणि परत आत पडली. तो हसला. ते हसू मी ओळखलं.

मी त्याला सगळं दाखवलं. पायाखालचा रबरी मॅट उचलला तर थेट जमीन दिसली. "वेल्डिंगने होईल," तो म्हणाला. जाम इंजिन दाखवलं. "सुटेल." डबे दाखवले. "वा, सगळं आहे की!" मग बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "फार काही नाहीये हो काका. थोडंसं काम बाकी आहे."

हेच वाक्य मी बारा वर्षांपूर्वी घरी म्हटलं होतं. जसंच्या तसं. त्याला बाजूला घेऊन सांगावं असं फार मनात आलं. पण बायको दारात उभी होती. आकडा त्याने सांगितला तो मी तसाच मान्य केला.

चौथ्या दिवशी रात्री अकरा वाजता त्याचा फोन आला. पाठीमागे लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज येत होता.

"काका, एका डब्यावर 'महत्त्वाचे' लिहिलंय. कशाचे आहेत?"

"असू दे जवळ," मी म्हणालो. "लागतील."