तो उतार स्कूटर चढवायचा आहे, व्हीलचेअरचा नाही

नागपुरात सीताबर्डी, इतवारी, सदर, कुठल्याही बाजारात पाहा. पायऱ्यांवर लोखंडी चेकर्ड प्लेट टेकवलेली असते आणि दुकानदार मनापासून सांगतात, "आमच्याकडे रॅम्प आहे ना!" दीड फूट ओट्याला चार फुटांची प्लेट म्हणजे घसरगुंडीच. चढताना खुर्ची मागे उलटते, उतरताना माणूस तोंडावर पडतो. असा रॅम्प असण्यापेक्षा नसलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिशेब सोपा आहे: एक इंच उंचीला बारा इंच लांबी. दीड फूट ओटा असेल तर अठरा फूट उतार. तो सरळ समोर काढला तर फुटपाथवर जातो आणि अतिक्रमण पथक तो तोडणारच. म्हणून भिंतीला समांतर घ्यायचा. रुंदी चार फूट, वळणावर आणि दारापुढे पाच बाय पाच फूट सपाट जागा. दारापुढची जागा गवंडी हमखास विसरतो. मग दार उघडायला हात सोडला की खुर्ची मागे घरंगळते.

दहा फुटी शटरच्या दुकानात एवढा उतार बसत नाही, हे मान्य. पण आधी टेप लावून मोजा तरी! सिमेंट रस्ते झाल्यापासून अनेक ठिकाणी रस्ताच वर आला आहे. जुन्या तीन पायऱ्यांतली एकच उरली असेल, तर सहा इंचांना सहा फूट पुरतात. तेवढे फूट शटरच्या आतही काढता येतात. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून उताराच्या तोंडाशी आडवी जाळी टाका. जाळीच्या फटी 12 मिमीपेक्षा रुंद नकोत, आणि पट्ट्या चाकाच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या असल्या की पुढचं लहान चाक अडकतं.

उतारावर पॉलिश ग्रॅनाइट लावू नका, पहिल्याच पावसात चाक सटकतं. खरखरीत फरशी घ्या. कठडा दोन्ही बाजूंना, 760 आणि 900 मिमी उंचीवर, टोकाला 300 मिमी पुढे आलेला. नागपूरच्या मे महिन्यात उघडा स्टीलचा पाइप धरवत नाही, म्हणून वर सावली करा.

दाराची मोकळी रुंदी 900 मिमी हवी. ती चौकटीत मोजू नका, पल्ला उघडा ठेवून मोजा. पल्ल्याची जाडी वजा झाली की तीन फुटी दार अपुरं पडतं. काउंटरचा एक भाग 750 ते 800 मिमी उंचीचा ठेवा, खाली गुडघे जातील असा पोकळ.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा खासगी दुकानांनाही लागू आहे. आपली सेवा दिव्यांगांनाही घेता येईल अशी करायला 2017 च्या नियमांनंतर दिलेली दोन वर्षांची मुदत 2019 मध्येच संपली. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येकाला पन्नास हजार ते पाच लाख.

आणि हॉटेलवाल्यांनो, दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहात झाडू, बादल्या, थंड पेयांचे रिकामे क्रेट रचून ठेवता, ते आजच काढा. कमोडच्या बाजूची ती मोकळी जागा तुम्हाला वाया गेलेली वाटते, पण खुर्ची तिथेच लावून माणूस सीटवर सरकतो. क्रेट असले की तो बाहेरूनच परत फिरतो.